उपकारांची आठवण : पंडिता रमाबाई



लूककृत शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहाजण बरे झाले, पण परत येऊन आभार मानणारा एकच निघाला आणि तोही परका, शोमरोनी. ही गोष्ट सांगताना आपण वडीलधारी माणसे त्या नऊजणांकडे बोट दाखवतो आणि मग ते बोट हळूच घरातल्या मुलांकडे वळते. आम्ही तुमच्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, तुम्हाला त्याची काही किंमत आहे का, असा प्रश्न घराघरात विचारला जातो. तो बहुधा भांडणाच्या वेळीच विचारला जातो. त्यामुळे मुलांच्या कानावर कृतज्ञता हा शब्द पडतो तो थकलेल्या बिलासारखा.

तरुणांच्या मनात यातून एक शंका उभी राहते. ती ते उघड बोलत नाहीत, पण ती खरी असते. ज्याचे उपकार मानायचे त्याचे सगळेच ऐकायचे का? त्याने शिकवले, खाऊपिऊ घातले, म्हणून आयुष्यभर त्याच्यासमोर मान खाली घालायची का? तसे असेल तर उपकार न मानलेलेच बरे, असे काहींना वाटते. या शंकेला आपल्याच पुणे जिल्ह्यातील एका स्त्रीने स्वतःच्या आयुष्याने उत्तर दिले आहे. तळेगावहून लोकलने पुणे गाठले आणि तिथून दौंडकडे जाणारी गाडी धरली, की वाटेत केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. पण आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांच्या जीवनात ख्रिस्ताचे जे धन दिसते ते कॅथोलिकांनी आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच शिकवले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांचे गुरू पुण्यात पेशवे दुसरे बाजीराव यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते हे अनंतशास्त्रींनी तरुणपणी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे असे मनाशी ठरवले. त्या काळी ही गोष्ट समाजाला रुचणारी नव्हती. शास्त्रीबुवा घर सोडून रानात जाऊन राहिले, पण पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवलेच. पुढे नवरा वृद्ध झाला तेव्हा धाकट्या लेकीला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. दिवसभर घरकाम, पाहुणे, विद्यार्थी. सवड अशी नव्हतीच. म्हणून त्या पहाटे अंधारात रमेला लाडीगोडीने उठवीत आणि पाखरांचा किलबिलाट सुरू होत असताना तिच्याकडून श्लोक पाठ करून घेत. हाती पुस्तकही नसे. तोंडाने सांगायचे आणि मुलीने म्हणायचे. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना पाठ झाले.

हे कुटुंब एका जागी राहिले नाही. तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत ते भारतभर पायी फिरत राहिले. मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. जवळ होते नव्हते ते संपले. १८७४ साली वडील गेले. त्यानंतर थोड्याच काळात आई अंथरुणाला खिळली. उपाशी आईला वाताच्या झटक्यात अन्न दिसू लागले, तेव्हा रमाबाई शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. जन्मात कधी हात पसरलेला नव्हता. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने तुकडा दिला. रमाबाई तो घेऊन आल्या, पण आईला तो खाता आला नाही. ती गेल्यावर खांदा द्यायलाही पुरेशी माणसे मिळाली नाहीत. भावाबरोबर रमाबाईंना तिरडीला हात लावावा लागला आणि उंची कमी पडते म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. पाठोपाठ मोठी बहीणही गेली.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगत आहे. भाकरीचा तो तुकडा आईच्या पोटात गेला नाही, तरी देणारी ती बाई रमाबाई विसरल्या नाहीत. पुढे वीस-बावीस वर्षांनी दुष्काळाविषयी लिहिताना त्यांनी तो प्रसंग जगासमोर मांडला. आपण मदत मोजतो ती तिच्या परिणामावरून. डॉक्टरांनी प्रयत्न केले पण माणूस वाचला नाही, की आपण त्यांचे आभार मानायचे विसरतो. मास्तरांनी जीव तोडून शिकवले पण नोकरी लागली नाही, की मास्तरांची आठवण राहत नाही. रमाबाईंच्या हिशेबात मात्र दिलेला तुकडा हा दिलेलाच होता.

भाऊ श्रीनिवास आणि त्या चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्यानंतरच्या घटना भराभर घडल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि डॉक्टर हव्यात असे ठामपणे सांगितले. मग स्वतः वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली छोट्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासाच्या पैशासाठी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून विकले होते.

इंग्लंडात वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. या भगिनी पुण्यात पंचहौद येथेही काम करीत असत. रमाबाईंनी फुकट राहणे मान्य केले नाही. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात आपण राहायचे, असे ठरले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होणे जमले नाही. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित आणि इतर विषयांचा अभ्यास केला आणि तेथेही संस्कृत शिकवले.

येथूनच ती शंका त्यांच्या आयुष्यात खरी ठरू लागली. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांनी रमाबाईंवर आणि मनोरमेवर फार माया केली. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. परंतु या आजीबाईंची अपेक्षा अशी की आता रमाबाईंनी चर्चचे सांगणे निमूटपणे मानावे. रमाबाईंना त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी प्रश्न होते आणि ते त्यांनी विचारले. त्यांनी शाकाहार सोडला नाही, तर त्यात जुन्या जातीचा अभिमान उरला आहे असे आजीबाईंना वाटले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. रमाबाईंना ते मुळीच पटले नाही आणि तसे त्यांनी कळवले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशातील स्त्रियांना कळेल असे संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. एका धर्मातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसरे तसलेच मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या एका पत्राचा आशय आहे. (आम्हा धर्मशिक्षण देणाऱ्यांनी ते पत्र अधूनमधून वाचायला हरकत नाही.)

अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे उपकाराच्या ओझ्याने गप्प बसणे. दुसरा म्हणजे वाद झाला म्हणून मागचे सगळे पुसून टाकणे, त्यांनी आमच्यासाठी केलेच काय असे म्हणत सुटणे. आपल्या घरांत हे दोन्ही घडते. रमाबाईंनी दोन्ही टाळले. पटले नाही ते त्यांनी स्पष्ट लिहिले, कधीकधी फार तिखट लिहिले. पण त्या बाईंची माया त्यांनी नाकारली नाही. पुढे मनोरमेला शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंडात पाठवले तेव्हा याच आजीबाईंची देखरेख तिला लाभली. आपल्याकडे मिंधेपणा असा एक अचूक शब्द आहे. मिंधा माणूस तोंडावर गोड बोलतो आणि पाठीमागे कुढत राहतो. रमाबाई मिंध्या झाल्या नाहीत, म्हणूनच त्यांना मनापासून कृतज्ञ राहता आले असावे, असे मला वाटते.

यात सिस्टर जेराल्डिन यांचाही मोठेपणा आहे. ज्या पत्रांत त्यांच्याशी वाद घातला होता तीच पत्रे त्यांनी जपून ठेवली, जुळवून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली. ज्या मुलाने तोंडावर उलट उत्तरे दिली त्याची पत्रे जपणारे पालक आपल्यात किती असतील?

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होत होत्या त्या समारंभाचे. पुढच्या वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत पुष्कळ खपले. हे पुस्तक त्यांनी कोणाला अर्पण केले? अमेरिकेत त्यांना मोठमोठ्या लोकांनी हात दिला होता, त्यांच्यापैकी कोणाचे नाव घालता आले असते. त्यांनी नाव घातले ते आईचे, लक्ष्मीबाई डोंगरे यांचे. पहाटे अंधारात उठवणारी, दुष्काळात उपाशी गेलेली ती आई अशी अमेरिकेतल्या घराघरात पोहोचली. तिचा धर्म वेगळा होता, लेक आता ख्रिस्ती झाली होती. आईचे ऋण मानायला ते आड आले नाही.

तरुणांना मी एक सुचवतो. आपल्या हातून एखादे पुस्तक झाले, तर पहिल्या पानावर कोणाचे नाव येईल याचा एकदा शांतपणे विचार करावा. संत इग्नेशियस यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची सुरुवातही पापांच्या यादीने होत नाही. दिवसभरात मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानून ती होते. झोपण्यापूर्वी दोन मिनिटे पुरतात. मात्र त्यात माणसांची नावे घ्यावीत. सर्वांसाठी धन्यवाद असे मोघम म्हटले, की त्यात कोणीच येत नाही. पहाटे डबा करून देणारी आई, लोकलमध्ये जागा देणारा अनोळखी माणूस, इमारतीचा जिना झाडणारी बाई, ही नावे किंवा चेहरे आठवावेत. नाव माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारून घ्यावे.

अमेरिकेतील मित्रांनी रमाबाईंच्या कामासाठी दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. विधवा आणि निराधार मुलींना तिथे राहून शिकता येत असे. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई नावाची बालविधवा. पुढच्याच वर्षी शाळा पुण्याला हलली. त्या वेळीही मुंबईहून पुण्याची गाडी आपल्या खंडाळ्याच्या घाटातून, लोणावळ्यावरूनच येत असे. सदनातील मुली येथून गेल्या हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

पुण्यात फार दिवस सुखाचे गेले नाहीत. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. त्यामुळे सदनात धर्मांतर चालते असा गवगवा झाला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आरोपांची बाजू येथे तपासत बसत नाही. गोदूबाईंचे मात्र सांगायला हवे. त्या हिंदूच राहिल्या. त्याच १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्याच्यासाठी वर्गणी गोळा करीत या बाई वणवण हिंडल्या. शारदा सदनात जे मिळाले ते त्यांनी रमाबाईंच्या हाती परत केले नाही. ज्या मुलींना अजून मिळाले नव्हते त्यांच्या हाती दिले. मला वाटते, रमाबाईंनाही हेच आवडले असते.

१८९६-९७ च्या सुमारास मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी ती बातमी ऐकली आणि वीस वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवायला सरकार तयार नव्हते. केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन सुरू झाले ते असे. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या मुलींना सांभाळायला माणसे कोठून आणायची? शारदा सदनात शिकलेल्या मुली पुढे आल्या. कोणी शिक्षिका झाली, कोणी नव्या मुलींची देखरेख करणारी मावशी झाली. आलेल्या मुली हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर खरूज, डोक्यात उवा, कित्येक घाबरलेल्या आणि चोरून अन्न लपवणाऱ्या. त्यांना न्हाऊ घालायचे, भरवायचे, रात्री जवळ घेऊन निजायचे. कृतज्ञतेवर प्रवचन ऐकण्यापेक्षा या कामातून त्या मोठ्या मुली अधिक शिकल्या असतील. मुक्तीत सगळ्यांनाच काम असे. विणकाम, तेलघाणी, दुधाचा धंदा, स्वयंपाक, शेती, छापखाना. अंध मुलींनाही ब्रेल वाचायला आणि टोपल्या विणायला शिकवले जाई. आपण फक्त घेणाऱ्या आहोत असे कोणालाही वाटू नये, ही रमाबाईंची दृष्टी. वाँटेजच्या मठात मराठी शिकवून राहणाऱ्या बाईला हे वेगळे कोणी सांगायची गरज नव्हती.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. मुलांना काही करू देत नाही, अभ्यास करा एवढेच सांगतो, ताटही उचलायला लावत नाही आणि मग त्यांना जाणीव नाही म्हणून तक्रार करतो. ज्याने कधी दहाजणांचा स्वयंपाक केलेला नाही त्याला स्वयंपाकाचे मोल कसे कळावे? मिस्सेपूर्वी चर्च झाडणारी मुले नंतर जमिनीवर कागद टाकत नाहीत, हे कोणत्याही धर्मग्रामात बघायला मिळेल. आपण ज्याला युखारिस्त म्हणतो त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा आहे, आणि त्या उपकारस्तुतीतही आपण रिकाम्या हातांनी जात नाही. भाकर आणि द्राक्षारस माणसाच्या कष्टाचे फळ म्हणून वेदीवर आणतो.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांतील मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. शहाण्यासुरत्यांनाच कळेल अशी संस्कृतप्रचुर मराठी त्यांना नको होती. केडगावच्या खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला समजावे म्हणून त्यांनी साध्या मराठीत भाषांतर करायचे ठरवले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत पदव्यांचा मान मिळालेल्या पंडितेने सोपे लिहिण्यासाठी सुमारे पंधरा वर्षे घालवली. लक्ष्मीबाईंनी पुस्तकाशिवाय, तोंडाने सांगून जे दिले होते ते आता पुस्तक होऊन दुसऱ्यांच्या लेकींकडे जाणार होते. आईने दिले ते पुराण, लेक देत होती ते बायबल. देण्याची तऱ्हा मात्र आईचीच होती.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याचा त्यांना विशेष आनंद झाला असेल असे वाटत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती काम सोपवायचे तीच गेली. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, प्रकृती ढासळली होती. तरीही भाषांतराची मुद्रिते तपासणे त्यांनी सोडले नाही. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या. अँग्लिकन पंथीय त्यांचा स्मृतिदिन आपल्या उपासनेच्या पंचांगात पाळतात आणि भारत सरकारने १९८९ साली त्यांचे टपाल तिकीट काढले.

संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली ती मुक्तीतल्या मुली आणि स्त्रियांनी. त्यांच्यापैकी कितीतरी जणी दुष्काळातून तेथे आल्या होत्या, तेव्हा त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.